तुम्ही विचारलंत म्हणून: खटका नेमका आहे कुठे?

लग्नात, बारशात, बँकेच्या रांगेत, एकदा तर मयतीला गेलो असताना स्मशानाबाहेर चपला शोधता शोधता मला हाच प्रश्न आलाय. "सर, तुम्ही म्हणे गाडीला चोरस्विच बसवून देता. तुमच्या स्वतःच्या गाडीला कुठे बसवलाय?"

मी सर नाही. कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होतो, सत्तावीस वर्षं. पण आमच्या सांगलीत पांढरा एप्रन घातला की माणूस सर होतो आणि वायरी जोडता आल्या की मिस्त्री. मला दोन्ही हाका येतात आणि मी दोन्हींना ओ देतो.

तर, हा चोरस्विच, म्हणजे चोराला गाडी चालू करता येऊ नये म्हणून लपवलेला खटका, कुठे बसवलाय ते सांगणार नाही. कुणालाच सांगत नाही, रागावू नका. शिवाय प्रश्नच जरा चुकतोय. विचारायचं असेल तर असं विचारा, की खटका दाबल्यावर गाडी चोराशी कशी वागते? जागेचा विचार त्यानंतर.

माझी पहिली स्प्लेंडर २००६ साली एसटी स्टँडसमोरून गेली. भरदिवसा, हँडल लॉक लावलेला असताना. मी पंधरा मिनिटांसाठी आईला कोल्हापूरच्या गाडीत बसवायला आत गेलो होतो. बाहेर आलो तर गाडीच्या जागी गाडीखालचा तेलाचा डाग तेवढा राहिला होता. मग चौकी, पंचनामा, आठवड्याला एक चक्कर आणि शेवटी 'अ समरी'. म्हणजे गुन्हा खरा आहे, पण तपास लागत नाही. विमा थर्ड पार्टीचाच होता, त्यात चोरीची भरपाई नसते, त्यामुळे विमा कंपनीने चाव्याही मागितल्या नाहीत. त्या दोन्ही चाव्या अजून कपाटात आहेत. बायको दर दिवाळीला त्या बाहेर काढते, मी पुन्हा आत ठेवतो.

दुसरी गाडी घेतली तीही स्प्लेंडरच, जुनी, हात बदललेली. या वेळी मात्र बसून विचार केला. त्या काळच्या स्प्लेंडरची गंमत अशी की स्पार्कचा आणि बॅटरीचा काही संबंध नव्हता. इंजिन फिरलं की मॅग्नेटमध्ये वीज तयार होते, ती सीडीआय नावाच्या, ठिणगी सोडणाऱ्या डबीत साठते आणि वेळ आली की कॉइलमधून प्लगवर जाते. बॅटरी पार मेली असली तरी किक मारून गाडी चालू व्हायची ती यामुळेच. आणि चावी बंद केल्याने ती वीज तुटत नाही. ती बॉडीला 'अर्थ' होते, म्हणजे प्लगपर्यंत पोचायच्या आधीच गाडीच्या लोखंडी सांगाड्यात मुरते.

हे कळलं की पुढचं सोपं आहे. चावी जे काम करते तेच काम करणारा एक दुसरा, लपलेला खटका चावीपासून लांब, सीडीआयच्या बाजूला जोडायचा. चोराने लॉकचं काहीही केलं तरी वीज दुसऱ्या वाटेने सांगाड्यात जातच राहते. मला यातलं आवडलेलं म्हणजे उद्या हा खटका गंजला, वायर सुटली, तरी चालती गाडी बंद पडत नाही. फार तर पहारा सुटतो. याउलट जो खटका प्रवाह तोडून गाडी थांबवतो, तो अंकलीच्या पुलावर ट्रकला ओव्हरटेक करताना सैल झाला तर काय होईल याचा विचार करा. मी मात्र केला नव्हता तो पावसाचा. जूनमध्ये खटक्यात पाणी शिरलं, तो आपोआप अर्थ झाला आणि गाडी भर बाजारात गप्प. मग त्याला रबरी टोपी आणि खाली तोंड.

२०११ च्या हिवाळ्यात एका सकाळी फाटक उघडं दिसलं. गाडी नव्हती. पोटात धस्स झालं. पण चार घरं पलीकडे पाण्याच्या टाकीजवळ ती साइड स्टँडवर उभी होती. हँडल लॉक तोडलेला, लॉकच्या वायरी बाहेर लोंबत होत्या. प्लगची कॅप काढून परत बसवलेली, पण अर्धवट. किक बाहेरच राहिलेली. पेट्रोलचा वास इतका, की प्लग काढला तर तो ओला चिंब. आणि चोक लावलेला!

तो चोक बघून मी तिथेच कट्ट्यावर बसलो आणि हसायला लागलो. शेजारचे अण्णा म्हणाले, "गाडी मिळाली म्हणून हसताय?" तसं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे तो माणूस आला. थंडीत, अंधारात किका मारतोय, धापा टाकतोय. इंजिन गार पडलं असेल म्हणून चोक लावतोय, मग प्लग खराब असेल म्हणून कॅप काढून बघतोय. आणि शेवटी 'काय भंगार गाडी ठेवलीय लोकांनी' असं मनात म्हणून निघून जातोय. गाडीला काही कुलूप आहे अशी शंकासुद्धा त्याला आली नाही. त्याच्या लेखी ती आजारी होती. जरा अपमान झाला माझा, कारण गाडी मी फार निगुतीने ठेवायचो.

तुम्ही विचारता त्याचं खरं उत्तर त्या चोकमध्ये आहे. खटक्याने गाडी बंद करायची नसते, तिला आजारपणाचं सोंग घ्यायला लावायचं असतं. बरीच मंडळी हौसेने बॅटरीचीच वायर तोडणारा खटका बसवतात. चावी फिरवली की न्यूट्रलचा दिवा नाही, हॉर्न नाही, काहीच नाही. चोर काही खुळा नसतो. सगळं एकदम मेलेलं दिसलं की त्याला कळतं, कुठेतरी खटका आहे, आणि तो शोधायला लागतो. उलट दिवा लागतोय, हॉर्न वाजतोय, किक बसतेय आणि गाडी मात्र धरत नाही, असं असलं की तो शोधत नाही, दुरुस्त करायला लागतो. दुरुस्तीला वेळ लागतो. वेळ गेला की कुत्रं भुंकतं, दूधवाला येतो.

हे काही माझं डोकं नाही. आमच्या मामांची प्रीमियर पद्मिनी होती. ते मुक्कामाला आले की बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरमधला रोटर काढून शर्टाच्या खिशात टाकायचे. अंगठ्याएवढा तुकडा, पण तो नसेल तर इंजिन नुसतं घुमतं, धरत नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४० साली इंग्लंडमध्ये सरकारी हुकूमच होता, की गाडी सोडून जाताना ती चालू होणार नाही अशी करून जा. जर्मन उतरले तर त्यांना आयती वाहनं मिळू नयेत म्हणून. लोक रोटर काढून घ्यायचे. मामांना हा इतिहास माहीत नसावा. मामींनी मात्र तो रोटर दोनदा शर्टाबरोबर धुतला.

त्याहून फुकटचा उपाय म्हणजे पेट्रोल कॉक बंद करणं. कार्ब्युरेटरच्या वाटीत असेल तेवढ्या पेट्रोलवर गाडी एखादा किलोमीटर जाते आणि बंद पडते. पण हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. हात खाली घातला की काम झालं.

आता जागेबद्दल थोडं. सीटखाली नको. सीट उचलणं हे चोराचं पहिलं काम. टूलकिटच्या खणात नको, बॅटरीच्या शेजारी नको, हँडलजवळ तर अजिबातच नको. चकचकीत नवा टॉगल स्विच तर कुठेच नको. जुन्या धुळकट वायरिंगमध्ये एक नवी कोरी लाल वायर दिसली की माग काढत पोचायला मिनिट लागत नाही. मी जुन्या वायरिंगमधलीच वायर वापरतो, डाख देतो, वरून श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, आणि मग तीच मळकी टेप. नुसत्या पिळून जोडलेल्या वायरी दोन वर्षांत हिरव्या पडतात. बसल्या जागी, खाली न बघता बोट पोचलं पाहिजे. तुम्ही वाकलात तर समोरचा पानवाला बघतो.

हल्लीच्या गाड्यांचं गणित वेगळं आहे. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर बहुतेक दुचाकी कार्ब्युरेटर सोडून इंजेक्शनवर गेल्या, तिथे संगणक सगळीकडे लक्ष ठेवून असतो. उगाच कुठली वायर तोडली की मीटरवर पिवळा दिवा आणि सर्व्हिस सेंटरमध्ये वॉरंटीवरून वाद. कारमध्ये लोक इंधनाच्या पंपाची मुख्य वायर तोडून तिच्यात चाळीस रुपयांचा स्विच घालतात. पाच-सात अँपिअर त्यातून वाहतात, स्विच तापतो, एक दिवस वितळतो. तोडायचीच असेल तर रिलेच्या, म्हणजे थोड्या विजेवर मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या खटक्याच्या, कॉइलची बाजू तोडावी. तिला दीडदोनशे मिलिअँपिअर पुरतात. जुन्या डिझेल जीपला स्पार्कच नसतो, तिथे पंपावरच्या सोलेनॉइडची, म्हणजे विजेवर डिझेल सोडणाऱ्या झडपेची, वायर. बॅटरीवरच्या स्वस्त स्कूटरना सीटखाली एमसीबी असतो, तो पाडला की झालं असं विकणारे सांगतात. सीटखाली! असो.

किक नसलेल्या स्कूटरसाठी माझं लाडकं काम म्हणजे रीड स्विच. लॅबमध्ये पोरांना दाखवायचो तोच. काचेच्या बारक्या नळीत दोन पात्या असतात, लोहचुंबक जवळ आणला की एकमेकींना चिकटतात. तो प्लॅस्टिकच्या पॅनेलमागे आतून चिकटवायचा आणि चुंबक किचेनमध्ये. बाहेरून बटण नाही, भोक नाही, काही नाही. चावी लावून किचेन त्या जागेवरून फिरवलं की आत एक रिले लागतो आणि स्वतःच्याच संपर्कातून स्वतःला धरून ठेवतो. चावी बंद केली की सुटतो. म्हणजे उतरताना खटका लावायची आठवणच ठेवायला नको, आणि आठवण हाच या सगळ्या उद्योगातला सर्वांत कच्चा दुवा आहे. हा रिले मी फक्त स्टार्टरच्या वाटेत घालतो. खड्ड्यात संपर्क क्षणभर सुटला तरी चालत्या गाडीला धक्का लागत नाही. आणि अशा स्कूटरला इंजिनाने वेग घेतल्यावरच धरणारा सेंट्रिफ्युगल क्लच असल्यामुळे ती ढकलून चालू करता येत नाही. गिअरच्या गाडीला हे चालणार नाही, ती उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की चालू.

टेम्पोत घालून नेली तर? नेली. मागून पाय लावून टोचन करत नेली तरी खटका काही बोलत नाही. त्यासाठी साखळी आणि खांब. विम्याचं म्हणाल तर जुन्या टॅरिफमध्ये चोरीविरोधी उपकरणाला ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट होती, पण उपकरण पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेने मान्य केलेलं पाहिजे. माझ्या मळक्या टेपला कोण मान्यता देणार?

सोंगाची अडचण अशी, की ते साव माणसालाही तितकंच फसवतं. भावजी एकदा मला न विचारता गाडी घेऊन गेले. मिरजेत चहाला थांबले तेव्हा गुडघा लागून खटका दाबला गेला. त्यांनी ती ढकलत एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने प्लग बदलला, कॉइल बदलली, सीडीआय बदलला. संध्याकाळी मी जाऊन हळूच बोट लावलं आणि अर्ध्या किकेत चालू केली. "सीडीआयच गेला होता," तो म्हणाला. मी पैसे दिले. काय सांगणार? खटका आहे म्हणून सांगितलं असतं तर तोही गेला असता. घरात मात्र आता दोघांना माहीत असतं, मला आणि बायकोला. रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली आणि गाडी सोंग घेऊन बसली, हे नको.

ती दुसरी स्प्लेंडर मी गेल्या वर्षी विकली. तासगावच्या एका द्राक्षबागायतदाराने नेली. कागदपत्रं दिली, चाव्या दिल्या, पेढे दिले. आठव्या दिवशी फोन. "पाव्हणं, गाडी फसवून दिलीसा व्हय? तीन दिस झालं धरंना. कार्ब्युरेटर साफ केला, प्लग नवा घातला, चोक लावून बघितला."

चोक म्हटल्यावर मला कळलं.  त्याचाही गुडघा लागला असणार. खटक्याबद्दल त्याला सांगायचं मी साफ विसरलो होतो.

"फोनवर नको, येतो," म्हणालो. पंचवीस किलोमीटर एसटीने गेलो. गोठ्यासमोर गाडी उभी होती, दोन पोरं आणि एक म्हातारी बघायला बसली होती. मी गाडीजवळ गेलो आणि नेहमीप्रमाणे म्हणालो, "जरा पाणी आणता का आतून?" तो वळला. तेव्हा लक्षात आलं की गाडी आता त्याची आहे.

"पाणी राहू द्या. हिकडं या, हात द्या." त्याचं बोट धरून मी जागेवर नेलं. तो आकाशाकडे बघत चाचपत राहिला, डॉक्टर पोट दाबून बघतात तसं.

"लागलं?"

"हाय की!" तो म्हणाला आणि पोरांकडे बघून ओरडला, "जावा रं तिकडं, हितं काय बघाय लागलाईसा?"