११८ किलो, शंभर सीसी आणि खंबाटकी

आमच्या भागात जाड माणसाला कुणी जाड म्हणत नाही, पैलवान म्हणतात. मी आयुष्यात अंगाला लाल माती लावलेली नाही, शाळेत कबड्डीलासुद्धा राखीव खेळाडू होतो. पण काटा ११८ वर जातो म्हटल्यावर चहावाल्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळ्यांचा मी पैलवानच. ऐकायला बरं वाटतं. माकडहाडाला त्याचा काही उपयोग नाही.

वाई ते शिरवळ एमआयडीसी, रोज जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. सुरूरला हायवेला लागायचं, सकाळी बोगद्यातून जायचं आणि संध्याकाळी खंबाटकी घाट चढून-उतरून घरी यायचं. गाडी शंभर सीसीची, २०१४ ची, हप्ते कधीच फिटलेत. गेल्या उन्हाळ्यात असं व्हायला लागलं की कंपनीच्या गेटवर उतरलो की पहिली दोन मिनिटं मी गाडीच्या टाकीला धरून नुसता उभा. वॉचमन विचारायचा, "काय पैलवान, कंबर गेली का?" कंबर नाही, त्याच्या खालचं.

ज्याला सांगावं तो एकच म्हणणार, बुलेट घ्या, तुम्हाला शोभते. शोभते हो. लेकीची अकरावीची फी भरून झाल्यावर माझ्याकडं हे दुखणं घालवायला दोन हजार रुपये होते.

पहिली चूक आधी सांगतो, कारण ती सगळेच करतात. दुखतंय म्हणजे सीट कडक झाली, मग मऊ करा. एका सीटकव्हरच्या दुकानात गेलो. त्यानं जुन्या फोमवर दोन इंच पांढरा स्पंज टाकला, वरून चकचकीत रेक्झिन ताणलं, साडेचारशे रुपये घेतले. घरी येईपर्यंत गादीवर बसल्यागत वाटलं. दुसऱ्याच आठवड्यात सुरूरच्या पुढं परत तेच दुखणं, उलट जरा जास्तच. रविवारी सीट काढून मांडीवर घेतली आणि बसायच्या जागी अंगठा दाबला. स्पंज पावासारखा दबत गेला आणि अंगठ्याला खालचं प्लास्टिक लागलं. अंगठ्याला लागतंय तर मला काय लागत असेल! साठ किलोचा माणूस त्या स्पंजावर तरंगतो, मी थेट तळाला जाऊन बसतो. एकदा तळ लागला की सगळं वजन बुडाच्या दोन हाडांवर.

साडेचारशे असे गेल्यावर ठरवलं, आता आधी फुकटातलं सगळं करायचं.

चेनकव्हरवर एक स्टिकर असतो, हवेच्या आकड्यांचा. इतकी वर्षं गाडी पुसताना मी तो पुसत होतो, वाचला कधी नव्हता. मागच्या चाकाला दोन आकडे दिलेत, एकट्यासाठी २८ पीएसआय आणि दोघांसाठी त्याहून बराच जास्त. पंपावरच्या पोरानं "किती?" विचारलं की मी सवयीनं "मागं अठ्ठावीस" म्हणायचो. आता कंपनीचा 'एकटा' म्हणजे साधारण माणूस. मी एकटा असलो तरी हिशेबानं पावणेदोन आहे. मग ३२ भरून आठवडाभर फिरलो, नंतर ३६ करून बघितलं, तेव्हा बारीक खडासुद्धा मणक्यात वाजायला लागला. शेवटी ३४ वर स्थिरावलो. पुढचं २५ तसंच ठेवलं. घाटाच्या वळणांवर मागचं चाक शेपूट हलवल्यासारखं करायचं, ते बंद झालं. आधी हवा कमी पडून टायरचं पोटच मुडपत होतं.

दोन पंपांवर एकाच टायरची हवा दोन वेगळी दाखवली, म्हणून अडीचशेचं पेनाएवढं गेज घेतलं. आता सकाळी टायर गार असतानाच बघतो. टायरच्या कडेला 54P असं काहीतरी छापलेलं असतं, तेही तेव्हाच वाचायला शिकलो. ५४ म्हणजे पुरेशी हवा असेल तर हा टायर २१२ किलो पेलेल. P हा वेगाचा, ताशी १५० चा. त्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही.

मग शॉकअप. मागच्या दोन्ही शॉकअपना खाली पाच खाचांची कडी असते. सी आकाराचा पाना लावून फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते. स्प्रिंग काही जाड होत नाही, पण माणूस बसल्यावर गाडी कमी दबते. माझी कडी कुठल्या खाचेवर होती? दुसऱ्या. शोरूममधून आली तशी.

फिरवायच्या आधी मोजायचं ठरवलं. अंगणात गाडी उभी केली, शेजारचा पोरगा हँडल धरून पुढं, आणि बायको शिवणाची टेप घेऊन मागं. मागच्या चाकाच्या नटापासून वर सीटच्या खाली खडूनं केलेल्या खुणेपर्यंत. गाडी उचलून धरली, चाक लोंबतंय, तेव्हा एक माप. मी बसल्यावर दुसरं.

"अहो, पाय वर घ्या की. टेकवून काय बसलाय?"

"पडेन ना."

"पोरानं धरलंय. घ्या वर."

घेतले. फरक साडेपाच सेंटीमीटर. शॉकअपचा सगळा खेळ मुळात आठेक सेंटीमीटरचा, आणि त्याच्या साधारण एक तृतीयांश माणूस बसल्यावर दबावं अशी रीत. म्हणजे मी नुसता बसलो की दोन तृतीयांश संपलं, खड्ड्यासाठी राहिलं अडीच सेंटीमीटर. मग प्रत्येक खड्ड्याला 'ठक' आवाज येणारच. गॅरेजवाल्याकडून पाना आणला आणि दोन्हीकडं पाचव्या खाचेवर नेलं. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, एक चौथ्यावर आणि एक पाचव्यावर असं चालत नाही. परत मोजलं, साडेतीन. रीतीपेक्षा अजून जास्तच, पण खड्ड्यासाठी आता साडेचार सेंटीमीटर आहेत. वर एक फायदा फुकटात मिळाला. मागून गाडी दबलेली असायची तेव्हा हेडलाईट झाडांच्या शेंड्यांवर पडायचा आणि समोरचे शिव्या द्यायचे. आता तो रस्त्यावर पडतो.

एक काळजी घ्या. चेन ताणताना गाडीवर तुम्ही बसा, नाहीतर तुमच्या वजनाचा कुणी बसवा. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटणारी चेन आपण बसलो की तारेसारखी ताठ होते. गॅरेजवाल्याला हे सांगितलं तर तो हसला, मग मी बसलो आणि त्यानं गुपचूप पन्नास रुपयांत सैल करून दिली.

एवढं झाल्यावर परत सीटकडं वळलो. या वेळी साताऱ्यात एक म्हातारे कारागीर गाठले, ट्रॅक्टर आणि टेम्पोच्या सीटा करणारे. त्यांनी सीट हातात घ्यायच्या आधी मला गाडीवर बसवलं आणि मागून नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "सीट पुढं उतरतीय. तुम्ही घसरून टाकीवर जाताय, परत मागं सरकताय. दिवसभर हेच करताय." तोपर्यंत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मांडीच्या आतल्या बाजूचं घासणं, मनगटं भरून येणं, सगळं तिथनंच.

त्यांनी तो पांढरा स्पंज फाडून टाकला, अगदी तिरस्कारानं. खाली एक इंच रिबॉन्डेडचा थर लावला, तो फोमच्या रंगीबेरंगी चुऱ्याचा, दगडासारखा. वर ४० डेन्सिटीचा, म्हणजे घट्ट फोम, आणि सगळ्यात वर फक्त अर्धा इंच मऊ. बसायच्या जागी दोन्ही बाजूंनी एकेक इंच रुंदी वाढवली आणि पुढचा उतार भरून सपाट केला. सुरीनं फोम तासताना ते मध्येमध्ये तळहातानं चापटी मारून बघत होते, कलिंगड बघतात तशी. रेक्झिनच्या आत पॉलिथिन घातलं आणि बसायच्या जागी शिलाई येऊ दिली नाही, कारण पावसाचं पाणी टाक्यातनंच आत मुरतं. अकराशे झाले. पहिले चार दिवस बाकावर बसल्यागत वाटलं आणि वाटलं, परत फसलो. पाचव्या दिवशी शिरवळला उतरलो आणि टाकी न धरता सरळ चालत आत गेलो. वॉचमननं काही विचारलं नाही.

बाकीचं किरकोळ आहे. पाकीट मागच्या खिशातून काढलं, इतकी वर्षं एका कुल्ल्यावर तिरका बसत होतो. जाड शिवणीची जीन्स गाडीवर बंद. पाठीवरची सहा किलोची सॅक १२० रुपयांच्या रबरी जाळीनं मागच्या सीटवर बांधली, खांदे मोकळे झाले. ब्रेकचा पायडल थोडा खाली घेतला. जेलच्या गादीचा मोह झाला होता, पण सहकाऱ्याची तसली गादी लावलेली गाडी उन्हात उभी होती, तिच्यावर बसून बघितलं आणि चटका बसला तसा लगेच उठलो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पान्यानं सुटली नाही. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक कपाटात सापडलं, त्यात जास्तीत जास्त भार १३० किलो लिहिलाय. मी, हेल्मेट, बूट, सॅक, डबा मिळून तिथंच पोचतो. मागं बायको बसली की पुस्तक फाडून टाकायचं. तिला दाखवलं तर म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी जादा माल होते?" आता ती तिची स्कूटर काढते. परवा मेणवलीला गेलो तर तिची स्कूटर पुढं आणि माझी गाडी मागं. नदीच्या घाटावर तिला दहा मिनिटं थांबावं लागलं म्हणे.

हिशेब १९७० रुपये झाला, त्यातले साडेचारशे मूर्खपणाचे. राहिलंय गाडीच्या पुढच्या बाजूचं. खंबाटकी उतरताना ब्रेक दाबला की गाडीचं तोंड खाली जातं आणि पोट टाकीवर येतं. गॅरेजवाला म्हणतो, फोर्कचं, म्हणजे पुढच्या शॉकअपचं ऑईल गाडी घेतल्यापासून बदललेलं नाही, ऑईल आणि सील मिळून सहाशे. पगार सात तारखेला होतो.