मेलबर्नच्या गल्लीत बाबा बुडन

मेलबर्नला येऊन तीन वर्षं झाली, तरी घरी मी चहाच पिते. आलं ठेचून, चांगला उकळलेला. कॉफीचं वेड माझ्या मैत्रिणीचं. ती मूळची बेळगावची, त्यामुळे चहा की कॉफी हे भांडण तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. "शुक्रवारी नऊला घड्याळांखाली ये, उपाशी पोटी ये," असा तिचा मेसेज आला. घड्याळांखाली म्हणजे फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनच्या दारात. अख्खं शहर तिथेच भेटतं.

जुलैची थंडी आणि वर भुरभुर पाऊस. डीग्रेव्ह्ज स्ट्रीट या कॅफेंच्या गल्लीत फोटो काढायला मी थांबले, तर तिने बाही धरून ओढलं. "ते पाहुण्यांसाठी गं."

पहिला थांबा लिटल बर्क स्ट्रीटवर, पॅट्रिशिया नावाचं कॉफीचं दुकान. बसायला खुर्ची नाही, सगळे उभे. निवड तिनातूनच करायची: काळी, पांढरी किंवा फिल्टर. कोर्टं जवळच असल्याने काळ्या कोटातली मंडळी कप हातात घेऊन गप्पा मारत होती. आपल्या टपरीवरच्या कटिंगचाच थाट, फक्त कपाला साडेपाच डॉलर. तीनशे रुपयांच्या वर! हा हिशेब करायचा नाही असं दरवेळी ठरवते आणि दरवेळी करते.

इथली कॉफी आपल्याला कोमट लागते. मागे एका दुकानात मी "जरा कडक गरम" मागितली, तर काउंटरवरच्या पोराने असं पाहिलं, जणू मी श्रीखंडात मीठ मागितलं. कारण नंतर मैत्रिणीकडून कळलं. दूध साठ-पासष्ट अंशांपर्यंतच तापवतात, त्यापुढे गेलं की त्याचा गोडवा जातो आणि जळका वास येतो. खरंच, साखर न घालता फ्लॅट व्हाइट, म्हणजे इथली दुधाची कॉफी, प्यायले तर दूधच गोड लागलं. तरी पहिला घोट घेताना फुंकर मारायची सवय काही जात नाही.

त्याच रस्त्याने परत येताना एका चिंचोळ्या दुकानासमोर ती थबकली. आत छताला लाकडी खुर्च्या उलट्यासुलट्या टांगलेल्या, बसायला मात्र जेमतेम चार जागा. पाटीवर नाव: ब्रदर बाबा बुडन.

"बघ की, आमच्या चिकमगळूरचा बाबा!"

मला पत्ता नव्हता. मग रांगेत उभ्या उभ्या तिने गोष्ट सांगितली. सतराव्या शतकात सूफी संत बाबा बुडन हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरात थांबले. तिथून कॉफी बाहेर जायची ती भाजून किंवा उकळूनच, म्हणजे दुसरीकडे कुणी रुजवायला नको. बाबांनी सात कच्च्या बिया लपवून आणल्या आणि कर्नाटकात चिकमगळूरजवळ चंद्रगिरीच्या उतारावर लावल्या. कुणी म्हणतं दाढीत लपवल्या, कुणी म्हणतं कमरेला बांधून आणल्या. आज तो डोंगर बाबा बुडनगिरी, आणि तिथल्याच गुहेला दत्तपीठही म्हणतात. या दुकानाचं कार्ल्टनमधलं भावंड आहे, त्याचं नाव सेव्हन सीड्स, सात बिया. माझ्या माहेराहून एका रात्रीच्या प्रवासावरचा डोंगर मला कळला तो इथे, नऊ-दहा हजार किलोमीटरवर.

शेवटी बर्क स्ट्रीटच्या दुसऱ्या टोकाला पेलेग्रिनीज, 1954 पासूनचं. युद्धानंतर आलेल्या इटालियन लोकांनी या शहराला एस्प्रेसोची चटक लावली, त्या काळातलं. लाल निऑनची पाटी, लांब बार, उंच स्टुलं. अशा दुकानांपुढे स्टारबक्सचीही डाळ शिजली नाही. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 84 पैकी 61 शाखा त्यांनी एकदम बंद केल्या. मैत्रिणीने हे सांगितलं ते, आपल्या गावच्या पैलवानाने कुस्ती मारल्याच्या सुरात.

हो, एक राहिलं. छताला खुर्च्या टांगलेल्या त्या दुकानात तिने विचारलं होतं, चिकमगळूरची कॉफी आहे का? त्या दिवशी नव्हती. मग कोलंबियाची पाव किलो घेतली. ट्राममध्ये चारदा पुडी नाकाला लावून झाली, आणि घरी पोचल्यावर तिने कपाटातून आईने दिलेला पितळी फिल्टर काढला.

"चिकोरी घालू?" तिने विचारलं. आपल्याकडे फिल्टर कॉफीत मिसळतात ती मुळांची पूड, कोलंबियाच्या कॉफीत. मी दुकानातल्या त्या पोराचा चेहरा आठवला आणि म्हटलं, घाल.