उशीवरची नोट

स्वतःच्याच गावात हॉटेलात राहायला जाणं हा जरा विचित्रच प्रकार. घरी फरशा बदलायचं काम निघालं. बहिणीकडे जावं तर तिच्याकडे लेकीचं बाळंतपण. शेवटी आम्ही दोघं डेक्कनवरच्या एका हॉटेलात येऊन पडलो. घर कोथरूडला. आधीच्या एका ठिकाणी 'लोकल आयडी चालत नाही' म्हणून बाहेरचा रस्ता दाखवला होता. इथल्या मुलीनं मात्र आधार कार्डावरचा पत्ता वाचला, आमच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता किल्ली दिली. चांगल्या घरची असावी.

दुपारी जेवून जरा आडवी झाले तर दारावर टकटक. "हाउसकीपिंग!" मी धडपडत उठले आणि आधी काय केलं, तर चादर सारखी केली, ओला टॉवेल दांडीवर टाकला, चहाचे कप विसळून पालथे घातले. हे म्हणाले, "अगं, तो त्यासाठीच आलाय ना?" आलाय खरा. पण कामवाली यायच्या आधी भांडी विसळून ठेवणाऱ्या आईची मी मुलगी. आपला पसारा परक्या माणसाच्या नजरेस पडणं म्हणजे काय, हे यांना नाही कळायचं.

मुलगा विशी-बाविशीचा, लातूरकडचा. मी सारखी केलेली चादर त्यानं एका हिसक्यात ओढून काढली. नवी झटकली, गादी एका हातानं उचलली आणि कोपऱ्याची पाकिटासारखी घडी घालून आत खोचली. मला गप्प बसवेना. किती खोल्या करतोस रे दिवसाला? म्हणाला, शिफ्टला बारा-चौदा. राहत्या पाहुण्यांची खोली पटकन होते, चेकआउटची वेळ खाते. आणि वऱ्हाड उतरलं असलं की विचारूच नका. "हळद, मॅडम. टॉवेलला लागली की जातच नाही. वर मेंदी." ते टॉवेल मग फडक्यांत जमा. लग्नसराईत हॉटेलांचे किती टॉवेल बोहल्यावर चढत असतील कोण जाणे.

तो ट्रॉली ढकलत पुढच्या खोलीकडे गेला आणि यांनी विचारलं, "याला काही द्यायचं असतं का?"

आता आली पंचाईत. बॅग वर आणून देणाऱ्याला आपण देतो, कारण तो 'एसी चालू करू का, पाणी आणू का' करत हलतच नाही. वेटरला बडीशेपेच्या बशीत ठेवतो. दारावरचा फेटेवाला तर नुसत्या सलामावर पन्नास कमावतो. न्हाणीघराच्या जाळीतले आपले केस काढणारा माणूस मात्र आपण चितळ्यांकडे रांगेत असताना येऊन जातो.

न्यू जर्सीतल्या भाच्याला विचारलं. तिकडे सगळं आखीव. हॉटेलवाल्यांची संघटनाच सांगते, रात्रीमागे एक ते पाच डॉलर ठेवा. 2014 साली मॅरियटनं अमेरिका-कॅनडातल्या दीड लाखावर खोल्यांत त्यासाठी पाकिटंच ठेवली होती. त्यावर लोक चिडले. आमच्यापुढे पाकिटं काय ठेवता, तुम्हीच पगार वाढवा की! हे लोक मुळचे सदाशिव पेठेतले असावेत. यांना हे ऐकून फार बरं वाटलं. 2022 च्या जुलैत ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं बिलात परस्पर सर्व्हिस चार्ज लावायला मनाई केली, 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानं ते उचलून धरलं, तेव्हापासून हे बिल हातात आलं की आधी चष्मा बदलतात.

देण्याचा हिशेब ठेवणं या गावाला नवं नाही म्हणा. पेशवाईत श्रावणातली दक्षिणा वाटायला पर्वतीच्या पायथ्याशी रमणा होता आणि विद्वत्ता बघून रक्कम कमी-जास्त व्हायची. इंग्रज आल्यावर त्याच दक्षिणेच्या पैशातून 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं.

आमच्या वडिलांची पद्धत वेगळी होती. नारायण पेठेतल्या वाड्यात आमचं बिऱ्हाड होतं. दिवाळीच्या आधी वडील वहीचं एक पान फाडून पोस्तीची यादी करायला बसत. पोस्टमन, टेलिफोनचा लाइनमन, पेपरवाला, दूधवाला, गुरखा. टेलिफोन फक्त मालकांकडे होता, पण आमचे निरोप तिथेच येत, त्यामुळे लाइनमनमध्ये आमचा वाटा असे. क्रम लावायचा तो उपद्रवमूल्यावर, असा वडिलांचा सिद्धांत. लाइनमन मनात आणील तर महिनाभर फोन मुका, म्हणून तो पहिला. पोस्टमन दुसरा, कारण मोठ्या काकांची मनीऑर्डर त्याच्या हातात. गुरख्याचं नाव दर वर्षी खोडलं जाई. "तो शिट्टी वाजवतो म्हणून चोर येत नाहीत, की चोर येत नाहीत म्हणून तो शिट्टी वाजवतो?" वडील विचारत. मग आई पुन्हा त्याचं नाव लिही आणि वडील बघून न बघितल्यासारखं करत. सगळ्यांना पैसे पुढच्या दारी, हातात, दोन शब्द बोलून. पोस्टमन तर ओटीवर बसून चकल्या खायचा आणि गेल्या वर्षीच्या जास्त खुसखुशीत होत्या, असंही सांगून जायचा.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला सरळ विचारलंच. म्हणाला, "काकू, टेबलावरच्या पैशाला आम्ही हात लावत नाही. पाहुणे विसरून गेले असले तर? उशीवर असले नाहीतर वर चिठ्ठी असली, की समजतं." मॅडमची काकू एका रात्रीत झाले होते.

म्हणून तिसऱ्या सकाळी शंभराची नोट उशीवर ठेवली. चिठ्ठीही लिहिली, 'हे तुमच्यासाठी'. दार ओढलं, लिफ्टपाशी गेले, आणि एकदम वाड्याचं मागचं दार डोळ्यांपुढे आलं.

वाड्याचे संडास टोपल्यांचे होते. ते साफ करायला एक बाई मागच्या बोळातून येत. वडिलांच्या यादीत त्या नव्हत्या. त्यांचं आईकडे होतं. दिवाळीत आई मागचं दार उघडी, पायरीवर पैसे ठेवी, वर्तमानपत्राच्या कागदावर फराळ ठेवी आणि चार पावलं मागे सरे. ती मागे सरल्यावर बाई पुढे होत आणि उचलून घेत. त्या गेल्या की आई पायरीवर तांब्याभर पाणी ओती. आई दुष्ट नव्हती. कामवालीसाठी भांडी विसळून ठेवणारी, गुरख्याचं नाव पुन्हा लिहिणारी, ती हीच. मी सात-आठ वर्षांची असेन, तिच्या पदराआडून बघत असे. आणि त्या बाई कुठल्या, त्यांचं नाव काय, हे त्या वाड्यातल्या सात बिऱ्हाडांत कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

लिफ्ट आली. हे आत शिरून दार धरून उभे. मी म्हटलं तुम्ही व्हा पुढे. परत जाऊन नोट उचलली, चिठ्ठी फाडली आणि त्या मुलाची वाट बघत खुर्चीत बसून राहिले. पाऊण तासानं आला. नोट हातात दिली, नाव विचारलं. तो ओशाळला, मीही ओशाळले. पैसे हातात घेताना काय बोलायचं ते त्याला सुचेना, आणि देताना काय बोलायचं ते मला. शेवटी तो म्हणाला, "काकू, चादर बदलू का?" काल संध्याकाळीच बदलली होती.

खाली हे रस्त्यावर वैतागून उभे. सगळं सांगितलं. जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण रोज शंभर? त्यापेक्षा निघताना एकदम देऊ काय ते."

"आणि त्या दिवशी त्याची सुट्टी असली तर?"

"मग दुसरा असेल ना कुणीतरी."

"मग याचे पैसे त्याला का?"

यावर यांनी रिक्षाला हात केला.