ऐकू न आलेला विनोद

‘दिवसभर म्हाताऱ्या माणसांत बसून तुम्हाला उदास नाही का हो वाटत?’ हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की आज सविस्तरच उत्तर देते. तुम्ही विचारलंत म्हणून.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कान तपासायचे आणि लागलं तर मशीन बसवून द्यायचं, हे माझं काम. समोर येणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे. नाही, उदास वाटत नाही. म्हातारं कसं व्हायचं हे मी त्यांच्याकडूनच शिकतेय, आणि आता ते मला उपयोगीही पडायला लागलंय.

आधी कानाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यात आवाज टिपणाऱ्या केसाळ पेशी जन्मतः साधारण १५,००० असतात. त्या एकदा गेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी असतात आणि वयाबरोबर त्या आधी थकतात. म्हणून ‘आ’, ‘ओ’ हे स्वर नीट पोचतात, पण स, श, फ, थ विरून जातात. ‘आवाज येतो हो, शब्द कळत नाही,’ हे वाक्य मी रोज ऐकते. घरचे मग ओरडायला लागतात. ओरडून स्वर मोठे होतात, व्यंजनं होती तिथेच राहतात, आणि बोलणारा रागावलाय असं वाटतं ते वेगळंच. समोर बसून, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोललं तर निम्मं काम होतं.

साठीपुढच्या दर चार माणसांत एकाहून अधिक जणांना रोजच्या जगण्यात अडचण व्हावी इतकं कमी ऐकू येतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांचं सगळ्यात आधी काय हरवतं, ठाऊक आहे? विनोद. निरोप कळला नाही तर माणसं दोनदा सांगतात. विनोदाचा शेवटचा शब्द मात्र हळू आवाजात, घाईत येतो, त्यावर सगळ्यांचं हसणं येऊन पडतं, आणि ‘काय म्हणालास?’ विचारलं की उत्तर मिळतं, ‘काही नाही, असंच.’ त्या ‘काही नाही’नं माणूस घरातल्या घरात परका होतो.

एक आजोबा नातीबरोबर आले होते. ती काहीही बोलली की ते हसायचे, पण क्षणभर उशिरा. तपासणी झाल्यावर ती बाहेर गेली तेव्हा मला म्हणाले, ‘सगळे हसले की मी हसतो. कशाला हसले ते मला ठाऊक नसतं. पाच-सहा वर्षं झाली.’ त्यांचा तो चेहरा मला अजून दिसतो.

आणि त्याच आठवड्यात एक आजी आल्या. मशीनचा मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा कानात बसणारा भाग, तयार व्हायचा होता म्हणून मी म्हटलं, ‘सात तारखेला कागद घेऊन या.’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मला ऐकू आलं, हात घेऊन या. हात बरोबरच असतात माझे. आता तुम्ही काय म्हणालात ते सांगा.’ मी इतकी हसले की बाहेरची मुलगी आत डोकावली. मग मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि पुन्हा सांगितलं. त्यांची ही रोजची पद्धत होती. जे ऐकू येईल, ते कितीही वेडंवाकडं असो, मोठ्यांदा म्हणून दाखवायचं. ‘ऐकू आलं नाही म्हटलं की लोक कंटाळतात,’ त्या म्हणाल्या, ‘पण हे ऐकलं की हसतात. हसलेला माणूस पुन्हा सांगतो.’

माझ्या कॉलेजात हे कोणी शिकवलं नव्हतं. आता मी ते प्रत्येक पेशंटला शिकवते. त्या आजोबांनाही शिकवलं. मशीन बसवल्यावर ते पहिल्यांदा आले तेव्हा कानात मोल्ड सैल बसला होता आणि मशीन शिट्टी मारत होतं. नात ओशाळली. आजोबा म्हणाले, ‘वाजू दे. या वयात मी शिट्टी मारली तर कोण वळून बघणार आहे?’ यावेळी नात त्यांच्यानंतर हसली.

‘वय झालं, आता असंच चालायचं,’ म्हणून मशीन कपाटात ठेवणारेही येतातच. त्यांच्यावर मी रागावत नाही, पण एक अभ्यास आवर्जून सांगते. येल विद्यापीठाच्या बेक्का लेव्ही आणि सहकाऱ्यांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. म्हातारपण म्हटलं की मनात काय येतं, असं त्यांनी सत्तरीच्या आणि पुढच्या ५४६ माणसांना विचारलं होतं. ज्यांच्या मनात वाईटच चित्रं होती, त्यांचं ऐकणं ३६ महिन्यांनी इतरांपेक्षा जास्त उतरलेलं निघालं. मला याचं फार नवल वाटलं नाही. मी ती दोन्ही प्रकारची माणसं रोज बघते.

गेल्या वर्षी मी स्वतः कान तपासायच्या बूथमध्ये बसले. हेडफोन लावला, हातात बटण घेतलं. ऑडिओग्रामची, म्हणजे कुठल्या पट्टीचं किती ऐकू येतं त्या आलेखाची, रेघ ४००० हर्ट्झपाशी, उंच पट्टीकडे, खाली वळलेली आहे. अजून थोडीच, पण वळलीय.

परवा घरी सगळे जमले होते. भाचा पलीकडून हळूच काहीतरी बोलला आणि खोलीभर हशा पिकला. माझ्याही ओठांवर हसू यायला लागलं होतं. तेवढ्यात त्या आजोबांचा चेहरा आठवला. मी हात वर केला आणि जे ऐकू आलं होतं ते जसंच्या तसं म्हटलं. खोली पुन्हा हसली. भाचा उठला, माझ्यासमोर येऊन खाली बसला आणि पहिल्यापासून सांगायला लागला.