शाळा समोरच होती

माझी नोकरी कळली की पुढचा प्रश्न ठरलेला. "शाळा घरासमोर, फी माफ, मग तुमची अक्का अंगठेवाली कशी राहिली?" सोलापूरच्या पूर्व भागात, बिडी वळणाऱ्यांच्या वस्तीत वाढलेलं कुणी हे विचारत नाही. बाहेरचे विचारतात, आणि उत्तरही त्यांचं तयार असतं: आईवडील अडाणी.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फी नव्हती, पण मजुरी हजार बिड्यांमागे होती आणि दिवसाला हजार एकट्या आईच्या हातून होत नसत. बिडी कामगाराचं कार्ड आईचं, पानं कापायला अक्का. 1986 च्या बालकामगार कायद्यात मुलांना बिडीकाम बंद होतं, पण घरच्यांच्या मदतीला तेव्हा सूट होती. म्हणजे आमच्याकडे कायदासुद्धा मोडला जात नव्हता! घरात तेलुगू, शाळेत मराठी, हेही होतंच. पण त्याने मी अडले नाही, म्हणून ते कारण पुढे करत नाही.

"वाचता आलं असतं तर फसली नसती," असंही म्हणतात. ऐका मग. मी चौथीत. अक्कासोबत ब्रँचला, म्हणजे वळलेल्या बिड्या जमा करतात तिथे, गेले. आम्ही हजार दिल्या, कारकुनाने पुस्तकात नऊशे लिहिले. मी मोठ्याने वाचलं, "नऊशे का?" रांगेतल्या बायका गप्प. त्याने हसून आकडा दुरुस्त केला. मला वाटलं, जिंकले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या जुड्या छाटात, म्हणजे नापास मालात, जाऊ लागल्या: तोंड सैल, तंबाखू कमी. पान तेच, हात तेच. आठवडाभर निम्मी मजुरी. आई अक्काला म्हणाली, "त्या वाचणारीला नेऊ नको." मग अक्काच रोज जाऊ लागली. शाळेत तिचं नाव होतं, ते कधी कमी झालं कुणाला कळलंही नाही.

कॉलेजात असताना मी आईशी भांडायचे: एकीला शिकवलंस, दुसरीला का नाही? आई म्हणायची, दोन हात गेले तर घर चालत होतं, चार गेले असते तर नाही. तेव्हा मला ही पळवाट वाटायची. आज हिशेब पटतो, पण त्यात अक्काच का बसली, हे अजून पटत नाही.

तिला विचारलं तर म्हणते, "मला शाळा आवडतच नव्हती गं." हे खरं, की माझी सोय, मला ठरवता येत नाही. तुम्हीच विचारून बघा. फक्त सकाळी नको, ब्रँचची वेळ असते.