फोटोवरून कॉकस ओळखता येतो का?

पेरूच्या, अनंताच्या नाहीतर संत्र्याच्या पानाचा फोटो पाठवून तुम्ही विचारता, ‘ही कोणती खवले कीड?’ मी म्हणते, पान पाठवा. मग पुढचा प्रश्न येतो: फोटो एवढा स्वच्छ आहे, तरी नाव का सांगत नाही? बऱ्याच जणांनी विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहिते. खवले कीड म्हणजे पानाला खवल्यासारखी चिकटून रस शोषणारी कीड, आणि कॉकस ही तिची एक प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट (इंग्रजीत जीनस).

फोटोवरून पुष्कळ कळतं, नाही असं नाही. आणि झाडापाशीच हातात सुई असेल तर आणखी कळतं. सुईच्या टोकाने कवच अलगद उचलून बघा. कवच सुटं होऊन खाली किडा वेगळा राहिला, तर ते कडक कवचाचं कूळ, डायस्पिडिडी. कवच म्हणजे किड्याची स्वतःचीच पाठ असेल आणि अख्खा किडाच उलटला, तर मऊ खवले, म्हणजे कॉक्सिडी. यांच्या मागच्या टोकाला एक चीर असते आणि चिरेच्या तोंडाशी दोन त्रिकोणी पट्ट्या. मिटलेल्या असल्या की त्यांचा इवलासा चौकोन दिसतो. साध्या भिंगातूनही तो दिसतो आणि एकदा बघितला की विसरत नाही. अंगावर मेणाचा जाड गोळा असेल तर बहुधा सेरोप्लास्टिस. पाठीवर इंग्रजी एचसारखा उंचवटा असेल तर सैसेटिया. मागे कापसासारखी अंड्यांची पिशवी असेल तर पल्व्हिनारिया किंवा तिच्या जवळची एखादी प्रजाती.

आणि यातलं काहीच नसेल तर? अंग चपटं, लांबट गोल, पाठ उघडी, ना मेण, ना कापूस. तेव्हा सगळे म्हणतात, कॉकस. माझं अडतं ते इथेच, कारण ‘काहीच दिसत नाही’ हे लक्षण फार कच्चं आहे.

पेरूचंच घ्या. पानाच्या मागे मधल्या शिरेलगत कॉकस व्हिरिडिस बसते. जेमतेम तीन मिलिमीटरची, फिकट हिरवी, आणि पाठीतून आत काळ्या ठिपक्यांची वाकडी रेघ दिसते. ती रेघ फोटोत स्पष्ट असेल तर मी ‘बहुतेक व्हिरिडिस’ एवढं म्हणायला तयार असते. पण त्याच पेरूवर पल्व्हिनारिया सिडायही असते, आणि तिची नुकती प्रौढ झालेली मादीसुद्धा चपटी आणि हिरवटच असते. कापूस येतो तो अंडी घालायच्या वेळी. त्याआधी काढलेल्या फोटोत दोघींत फरक करणं अवघड, आणि पिल्लांच्या फोटोत तर त्याहून अवघड.

तो फरक कळतो सूक्ष्मदर्शकाखाली, काचपट्टीवर. मादीच्या अंगाला बारीक छिद्र पाडून तिला कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात गरम करायचं. आतलं सगळं विरघळलं की हलक्या हाताने दाबून बाहेर काढायचं. मग ॲसिड फुक्सिनचा रंग, अल्कोहोलच्या पायऱ्या, लवंगेचं तेल, आणि शेवटी कॅनडा बाल्सम. खोलीभर लवंगेचा वास सुटतो. हातात राहतं ते एक रिकामं, गुलाबी, पारदर्शक कातडं. त्यावर मिशांचे सांधे मोजता येतात, नखं दिसतात, आणि श्वासाच्या खाचांत प्रत्येकी तीन काटे दिसतात, मधला लांब. पण हे काटे दोघींतही सारखेच. खरी गोष्ट पोटाच्या बाजूला. पल्व्हिनारियाच्या पोटावर कडेलगत सूक्ष्म नळ्यांचा रुंद पट्टा असतो. अंड्यांच्या पिशवीचे धागे तिथून निघतात. कापसाचा अजून पत्ता नसतो, पण तो काढायच्या नळ्या कातड्यात तयार असतात! व्हिरिडिसमध्ये असा पट्टा नाही. इतकी वर्षं बघतेय, तरी हा पट्टा दिसला की मी जरा वेळ नुसती बघत बसते.

‘पण शेतकऱ्याला याचं काय?’ असंही विचारलं गेलंय. द्राक्ष आणि सीताफळवाल्यांना क्रिप्टोलिमस भुंगेरा चांगला ठाऊक आहे, पिठ्या ढेकूण खायला सोडतात तो. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1898 मध्ये त्याला भारतात आणलं ते पिठ्या ढेकणासाठी नव्हे, कॉफीवरच्या याच हिरव्या कॉकससाठी. कॉकसवर त्याचा प्रभाव पडला नाही. पण पिठ्या ढेकणांवर आणि कापूस काढणाऱ्या खवल्यांवर तो टिकला, इथलाच झाला. त्याची मादी अंडी घालायला मेणाचे धागे, कापसाचे पुंजके शोधते, आणि व्हिरिडिसच्या अंगावर ते नसतात. पेरूवरच्या पल्व्हिनारियावर मात्र हाच भुंगेरा कामाचा ठरतो. पान काळं पडणं, चिकटा, मुंग्यांची रांग, कोकणात असाल तर ओंबील (झाडावरच्या लाल मुंग्या), सगळं दोन्हीकडे तेच. भुंगेरे विकत आणायचे की नाही, हे मात्र प्रजातीवर ठरतं.

कॉकस प्रजातीचा मूळ पसाराही ध्यानात घ्यायला हवा. जीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये त्याला ठाऊक असलेले असे बहुतेक किडे कॉकसमध्येच घातले होते. फड्या निवडुंगावरचा, किरमिजी रंग देणारा किडासुद्धा. 1782 मध्ये लाखेच्या किड्यालाही कॉकस लॅक्का असं नाव मिळालं. पुढे एकेक गट बाहेर पडत गेला. लाखेचा किडा केरिया झाला, किरमिजीचा डॅक्टिलोपियस, दोघांची कुळंही वेगळी. तरी आज कॉकसमध्ये शंभराच्या वर जाती उरल्यात, आणि डीएनएच्या अभ्यासांत असं दिसतंय की त्या सगळ्या एका मुळाच्या नाहीत. म्हणजे ही प्रजाती पुन्हा फुटणार. माझ्या मते फुटावीच. ‘हे नाही, ते नाही, म्हणून कॉकस’ असं किती दिवस चालवायचं?

तेव्हा फोटो जरूर पाठवा, पण सोबत पानही पाठवा. किडे नखाने खरवडू नका, मिशा आणि पाय तुटतात. पानासकट कागदी पाकिटात घाला. प्लास्टिकच्या पिशवीत पान कुजतं आणि माझ्याकडे बुरशीच पोचते. मोठे, तपकिरी, टणक झालेले किडेच तेवढे निवडू नका. जुन्या मादीचं कातडं इतकं कडक होतं की रंग देऊनही आतलं नीट दिसत नाही. नुकत्या वाढलेल्या, मऊ माद्या सगळ्यात चांगल्या, म्हणून लहानमोठे सगळे असलेलं पान तोडा. पाकिटावर झाडाचं नाव, गाव आणि तारीख लिहा. आणि कडा चिकटपट्टीने बंद करा, कारण नुकती जन्मलेली पिल्लं चालती असतात आणि फटीतून बाहेर पडतात.