टेंभुर्णी लॉग ११: बोडक्या काड्या जिवंत होत्या!

मंडळी, आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. लॉग ८ आणि ९ मध्ये मी लिहिलं होतं की बियांची टोपी (रोपाच्या डोक्यावर राहिलेलं बी) अडकली तर स्प्रे मारून, मऊ करून, हाताने काढा. ते कृपा करून विसरा. तेंदूच्या (म्हणजे आपली टेंभुर्णी, विडीच्या पानाचं झाड) बाबतीत तो सल्ला साफ चुकीचा होता, आणि तो वाचून कोणी रोपं गमावली असतील तर मनापासून माफी.

झालं असं. दसऱ्याच्या आवराआवरीत परवा गच्चीवरचा जुन्या मातीचा टब हलवायला गेलो. कूलरच्या स्टँडखाली असतो तो, तिथे दुपारचं ऊन येत नाही. मारबतीच्या दिवशी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी) मी त्यात तेंदूच्या रोपांच्या २८ काड्या, मेल्या असं समजून, मातीसकट ओतल्या होत्या. टबात बघतो तर पालापाचोळ्यातून पानं वर आलेली. आधी वाटलं तण असेल. मग हात लावला तर पान मखमलीसारखं, तांबूस लव असलेलं, आणि तशी लव मी बघताक्षणी ओळखतो कारण चार वर्षं उन्हाळ्यात नागपूर जिल्ह्यातल्या देवलापारच्या बाजूला तेच बघत फिरतोय. एक नाही, ११ रोपं! बायकोला हाक मारली, ती पीठ लागलेल्या हातानेच वर आली.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. ह्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी, नवतपा चालू असताना, देवलापारच्या बाजारातून टेंभरं (तेंदूची फळं) आणली, पिवळी, पूर्ण पिकलेली. कच्ची असली तर तोंड असं आखडतं की पाणी पिऊनही जात नाही, सगळा टॅनिनचा खेळ. गर दोन दिवस पाण्यात ठेवून चोळून काढला, कारण गर राहिला की मुंग्या कुंडी सोडत नाहीत. १२० बिया निघाल्या, ३१ पाण्यावर तरंगल्या त्या फेकल्या, ८९ पहिल्या पावसानंतर लावल्या. काही काळ्या पिशव्यांत आणि काही लॉग ७ मधल्या पीव्हीसी पाइपांत. त्यातल्या ५८ रुजल्या, आणि मागच्या साली जुन्या बिया लावून जे हाल झाले होते त्यापुढे हा आकडा मला फार मोठा वाटला.

आता टोपीचं प्रकरण. तेंदूचं बी रुजतं तेव्हा आधी मूळ खाली जातं, मग दांडा कमान करून वर येतो आणि बी डोक्यावर घेऊन उभा राहतो. आणि तसाच राहतो. आठवडा, दोन आठवडे, तीन आठवडे. आत बीजपत्रं (बियातली पहिली पानं) अडकलेली. मी परदेशातल्या पर्सिमनवाल्यांचे व्हिडिओ बघितले होते, पर्सिमन हे फळही तेंदूच्याच डायोस्पायरॉस जातकुळीतलं म्हणून, आणि तिथे सगळे सांगतात की टोपी ओली ठेवा आणि अलगद काढा. म्हणून २६ रोपांच्या टोप्या मी काढल्या. नेल कटरने कड चिरून, चिमट्याने, भिंगाखाली, एकेकीला वीस वीस मिनिटं. बीजपत्रं कुठे तुटली, कुठे अर्धी आली, दहा दिवसांत माना सडल्या. २६ पैकी २३ गेली. उरलेल्या ३२ ना हात लावायची हिंमत झाली नाही म्हणून त्या तशाच सोडल्या, आणि ऑगस्टमध्ये त्यांच्या टोप्या बीजपत्रांसकट आपोआप गळून पडल्या. मागे राहिली नुसती बोडकी काडी, तीन इंचाची, ना पान ना कोंब. पाच सहा दिवस वाट बघितली, नखाने खरवडूनही बघितलं नाही, आणि मेल्या असं समजून ओतून दिल्या. पाइपमधल्या ४ तेवढ्या राहिल्या कारण पाइपची तार सोडायचा कंटाळा आला होता.

परवापासून डोक्यात हेच चालू आहे की मी नक्की काय बघून राहिलो होतो. म्हणून काल रात्री दोन कामं केली.

एक, उरलेलं एक तेंदूचं बी आणि फ्रिजमध्ये ठेवलेलं एक जपानी फळाचं बी (मागच्या हिवाळ्यात हिमाचलची पेटी आणली होती, तिकडे काकी पर्सिमनला जपानी फळच म्हणतात) दोन्ही कटर ब्लेडने उभी कापली. काकीचं बी आतून एकसंध, काचेसारखं, राखाडी. तेंदूचं बी आतून अगदी सुपारीसारखं! पांढऱ्या कडक गरात तपकिरी रेषा आत आत शिरलेल्या, अडकित्त्याने सुपारी फोडल्यावर दिसतात तशाच. आणि त्या गराच्या मधोमध बीजपत्रं कागदासारखी पातळ. म्हणजे शिदोरी बीजपत्रांत नाहीच, ती बाहेरच्या गरात आहे आणि बीजपत्रं ती शोषून खाली पाठवतात. मी टोपी काढत होतो म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढ्यातलं ताट ओढत होतो. काकीमध्ये बीजपत्रं बाहेर येतात, हिरवी होतात, पानाचं काम करतात, तिथे टोपी काढण्याला अर्थ आहे. तेंदूमध्ये ती बाहेर यायचीच नसतात. शोषून झालं की टोपीसकट गळतात. कूळ एक असलं तरी उगवायची रीत एक नाही, हे मला चौथ्या वर्षी कळलं.

दोन, पाइपमधली एक काडी उघडली. इथे पाइपची तारीफ करायलाच हवी. ४ इंची पाइप, २ फुटांचे तुकडे, हॅक्सॉने उभे चिरलेले, बाइंडिंग वायरने बांधलेले, खाली मच्छरजाळी. तार सोडली की पुस्तकासारखा उघडतो आणि मुळाला धक्का नाही. वर काडी ७ सेंटिमीटर, आणि खाली मूळ ३८ सेंटिमीटर! काळं कुळकुळीत, जाड, टोकाला फक्त पांढरट ठिपका. तेंदूची मुळं काळी असतात हे वाचलं होतं, काकीचीही असतात, पण ओल्या लाल मातीत ती काळी रेघ सरळ खाली गेलेली बघणं वेगळंच. आणि काडीच्या टोकाला जिथून टोपी गळली त्या दोन व्रणांच्या मधे, १० एक्स भिंगाखाली, मोहरीच्या दाण्याहून लहान तपकिरी कोंब. ऑगस्टमध्येही तो असणार. मी भिंग टोपीवर धरलं, काडीच्या टोकावर कधी धरलंच नाही.

तर हात न लावलेल्या ३२ चा हिशोब असा: पाइपमधल्या ४ पैकी ३ ना कोंब, टबात ११ ना पानं. टबातली १७ गेली ती ओतताना मुळं तुटली म्हणूनच असणार. मी शांत बसलो असतो तर आज तिसाच्या आसपास रोपं असती.

पिशव्यांबद्दल. ६ बाय ९ ची नर्सरीवाली काळी पिशवी तेंदूसाठी बिलकुल घेऊ नका. टबातली ११ रोपं आधी पिशवीतच होती, त्यांची मुळं तळाशी गोल फिरून आलीत, दोघांना तर गाठ बसलीय. नागपूरला इतवारीत लोहाओळीला पाइपचे कापलेले उरलेले तुकडे वजनावर मिळतात, थोडी घासाघीस करा. आणि कोकोपीट. एका ओळखीच्या नर्सरीतून आणलेल्या विटा न धुता वापरल्या तर पानांच्या कडा करपल्या, टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारा) लावला तेव्हा कळलं मीठ किती आहे ते. आता मी कोकोपीट बंदच केलंय. लाल माती दोन भाग, बारीक मुरूम एक भाग, भाताचं तूस एक भाग. आपली काळी माती नको, पावसाळ्यात चिकटून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते, मूळ तुटतं.

मागच्या वेळी एकाने विचारलं होतं की जंगलात तर तेंदू गवतासारखा उगवतो, मग बियांचा एवढा खटाटोप कशाला. खरं आहे. जंगलात जो दिसतो तो बहुतेक मुळांचा फुटवा असतो. पानाच्या हंगामाआधी झुडपं छाटतात, बूटकटाई म्हणतात, ती ह्याच्यासाठीच, कापलं की खालून नवी, मोठी, लवचिक पानं येतात आणि तीच विडीला चालतात. दोन वर्षांपूर्वी फडावर (तेंदूपानं जमा करतात तिथे) ७० ७० पानांचे पुडे मांडणाऱ्या एका आजोबांना मी बियांचं विचारलं तर म्हणाले, "बी कायले पेरता जी, मुळातून येते ना ते." तेव्हा मी मान डोलावली. आता ते ३८ सेंटिमीटर मूळ बघितल्यावर त्यांचं बोलणं पूर्ण कळलं. हे झाड आधी जमिनीखाली उभं राहतं. वणवा लागो, कुऱ्हाड लागो, गुरं खावोत, खाली ऐवज असतो.

पण मला बी का हवं तेही सांगतो. माझ्या टेबलावर आजोबांच्या उमरेडच्या बैलगाडीची शिवळ (जोखडाची खुंटी) आहे, तेंदूच्या काळ्या गाभ्याची. बादलीत टाकली की दगडासारखी तळाला जाते. तेंदूच्या झाडात काळं फक्त मधलं असतं, बाहेरचं लाकूड गुलाबीसर, आणि तो गाभा व्हायला एक आयुष्य जातं. श्रीलंकेचा एबनी (काळ्या लाकडाचं झाड), मादागास्करचे एबनी सगळे ह्याच कुळातले, आणि मादागास्करचे तर इतके तोडले की २०१३ मध्ये त्यांना साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये घालावं लागलं. आपल्याकडे तेंदू म्हणजे पत्ता. झुडूप वाढू देतच नाहीत. मोठं, फळ देणारं झाड बघायचं तर आता शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) शोधावं लागतं. अस्वलांना ही फळं किती लागतात ते पेंचच्या बाजूला विष्ठेतल्या बियांवरून दिसतं. मला बियांपासून वाढलेली, न छाटलेली दहा तरी झाडं उभी करायचीयत.

प्लॅन असा होता की ह्या हिवाळ्यात काकीची काडी तेंदूवर पाचर कलम करून बघायची. लॉग ६ मध्ये लिहिलंय. पण काकीला थंडी लागते, नागपूरची चार दिवसांची थंडी तिला पुरणार नाही, आणि एवढ्या मेहनतीने वाचलेली मुळं त्याच्यावर खर्च करायला आता जीव होत नाही. रद्द.

आणि हे लिहिता लिहिता सुचलं: तेंदूमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी. ह्या १४ रोपांत मादी किती हे फुलं येईपर्यंत कळणार नाही, म्हणजे कित्येक वर्षं. मग उमरेडला मित्राच्या धुऱ्यावर जे मोठं झाड आहे, ज्याची टेंभरं मी स्वतः खाल्लीत, ते मादी आहे हे नक्की. त्याचीच काडी ह्यातल्या पाच सहा रोपांवर बांधली तर? मूळ बियाचं, माथा खात्रीच्या मादीचा. फेब्रुवारीत, पालवीच्या आधी. कोणी तेंदूवर तेंदू कलम केलं असेल तर कोणत्या महिन्यात आणि काडी किती जाड घेतली ते नक्की सांगा. बाकीची तशीच वाढवायची, कारण नर नसेल तर मादी काय करणार.

आज सकाळी ११ ही रोपं पाइपात हलवली, गाठ बसलेली दोन्ही मुळं गाठीपाशी कापून. जोखीम आहे, पण तशी ठेवली असती तर पुढे फास बसला असता. हिरवी नेट ५० टक्क्यांची, ऑक्टोबर हीट संपेपर्यंत. पाणी एक दिवसाआड, पाइपच्या काठाने.

चौथ्या पाइपातली काडी अजून बोडकीच आहे. भिंगाखाली टोक हिरवं दिसतंय का तपकिरी ते ठरत नाहीये. तिला हात लावणार नाही.